दारावरची फुली

इंजेक्शन देताना जगातली सगळी माणसं खोटं बोलतात. डॉक्टर म्हणतो, मुंगी चावल्यासारखं होईल. आई म्हणते, काही होत नाही. बाप म्हणतो, बाहेर गेल्यावर भेळ घेऊ. आमच्या गावच्या सिस्टर तेवढ्या खरं बोलायच्या. दंडाला स्पिरिटचा बोळा चोळत पोराच्या डोळ्यांत बघून म्हणायच्या, "दुखणार हाय. खोटं कशाला सांगू? मोठ्यानं रड." आणि सुई आत. पोरगं इतकं गांगरायचं की रडायचंच विसरायचं. मग सिस्टरच त्याला आठवण करून द्यायच्या, "रड की रं. रडलं की मोकळं वाटतं."

त्यांचं नाव यमुना साळवे. पण गावात येऊन यमुना साळवे कुठं राहतात असं विचारलं तर लोक तुम्हाला शेजारच्या गावाला पाठवतील. सिस्टर म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडील. आरोग्य उपकेंद्रात त्या नोकरीला लागल्या तेव्हा मी जन्मलो नव्हतो, आणि रिटायर झाल्या तेव्हा माझी पोरगी बालवाडीत होती. मधल्या काळात कर्जत आणि जामखेडच्या मधल्या आमच्या कोरड्या पट्ट्यात जी पोरं जन्मली, त्यांतली निम्मी तरी आधी त्यांच्या हातात आली आणि मग आईच्या. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर आमचेच लोक फोन करून माझ्याशी भांडतील, आणि भांडायला आमच्या गावाला कारण लागत नाही.

सिस्टर माणसाशी बोलताना तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायच्या. दारात गेलं की 'ये, बस' नाही, 'हात दाखव'. नखं वाढलेली असली तर चहा नाही. माझा धंदा फ्लेक्स छापायचा, त्यामुळं माझ्या बोटांवर कायम शाई. "संजय, हे पोटात जातं रं बाबा," असं म्हणून त्यांनी मला कितीतरी वेळा साबणाची वडी हातात देऊन हौदाकडं पिटाळलंय. उपकेंद्राच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला आमदार आले होते. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. सिस्टरांनी तो धरला, उलटा केला, आणि अख्ख्या गावासमोर म्हणाल्या, "साहेब, नखं कापत जावा. तुमी लई लोकांच्या हातात हात देता." फोटो मीच काढत होतो. आमदार मोठ्यानं हसले, पण तो फोटो त्यांनी कधी मागवला नाही.

माझं दुकान बुद्धविहाराच्या बरोबर समोर, आणि विहाराला लागूनच सिस्टरांचं घर. आमचं घर मराठ्यांचं, शेतीवालं, पण रोज संध्याकाळी ऐकून ऐकून वंदना मला पाठ झालीय. आणि सिस्टर असल्या की ती वंदना लांबायची. पंचशील म्हणताना त्या प्रत्येक शीलानंतर थांबायच्या. श्वास घेण्यापुरतं नव्हे, चांगलं रेंगाळायच्या. मागच्या बायकांचे गुडघे आखडायचे. कुणीतरी कुजबुजायची, "सिस्टर, चुलीवर कालवण हाय." सिस्टर डोळे न उघडता म्हणायच्या, "करपू दे. आजचा दिवस बघू दे जरा." जीव घेणार नाही म्हटलं, तर आज कुणाला दुखावलं का? न दिलेलं घेणार नाही म्हटलं, तर आज कुणाचं काय घेतलं? चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणायचं तिथं, सगळ्यात जास्त वेळ लागायचा, आणि तेव्हा कालवणवालीही गप्प बसायची. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून दिवसभर आठ शीलं पाळायच्या, दुपार कलली की तोंडात अन्नाचा कण नाही.

मी एकदा चेष्टेनं विचारलं, "सिस्टर, तुमच्यात देव नाही, मग एवढं भिता कुणाला?"

"वरून बघणारं कुणी न्हाई, म्हणून तर माझं मलाच बघाया लागतं," त्या म्हणाल्या. "तुमचं बरं हाय. नारळ फोडला की मोकळे."

मी परत फ्लेक्सची चौकट ठोकायला लागलो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोलिओच्या रविवारनंतर सिस्टर खडू घेऊन घरोघर फिरायच्या. ज्या घरातल्या सगळ्या पोरांना डोस झाला त्या दारावर इंग्रजी 'पी' लिहायच्या. एखादं पोर मामाच्या गावाला गेलेलं असलं, लपवलेलं असलं, तर दारावर फुली. फुली म्हणजे हे घर राहिलं, परत यायचं. आमच्या गावात ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्यालाही ती फुली वाचता यायची. दारावर फुली असलेल्या बाईला हापशावर बाकीच्या बायका टोमणे मारायच्या, आणि ती घरी येऊन नवऱ्याला झाडायची की पोरगं आणा आधी मामाकडनं.

तर गावात नळयोजना आली. टाकी झाली, टाकीवर पुढाऱ्यांची नावं झाली, चौकातल्या नळाला पाणी सोडून उद्घाटनाचे फोटो झाले. फ्लेक्स माझाच होता. त्यानंतर टाकीच्या बाजूला पाणी यायचं, चौकात रडतखडत यायचं, आणि टेकावरच्या आळीला थेंब नाही. टेकावर शेवटचं घर हौसाआत्याचं. म्हातारीनं पाण्याच्या दिवशी नळाखाली कळशी मांडून पुष्कळ वाट बघितली आणि शेवटी नळाला शेळी बांधली. "सरकारनं खुटा तरी दणकट दिला," म्हणायची.

ठेकेदाराकडं तक्रार गेली की त्याचं उत्तर ठरलेलं. "तुमचीच माणसं लाईनीला मोटरी लावून पाणी ओढतात. टेकावर कुठनं चढंल? मी काय करू?" वरचे साहेबही तेच म्हणायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खोटं नव्हतं. कुणाच्या मोरीत, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या जळणाखाली छोटी मोटर असायचीच. पाणी सुटलं की बटण दाबायचं, म्हणजे शेजाऱ्याच्या नळातलं पाणी आपल्या टाकीत. आमच्या घरी मोटर नव्हती, पण त्यात आमचा प्रामाणिकपणा काही नाही, दारात बोअर आहे. टेकावरचे खालच्यांना शिव्या घालायचे, खालचे ऐकून घ्यायचे, आणि घरात जाऊन बटण दाबायचे.

शेवटी बापूनं कंबर कसली. बापूची दूध डेअरी आहे. गळा मोठा आणि मनानं सरळ माणूस. तालुक्याच्या कचेरीसमोर बेमुदत उपोषण करायचं ठरलं. मागणी एकच, नळयोजनेच्या कामाची चौकशी. आमच्याकडं उपोषणाला आधी फ्लेक्स लागतो आणि मग माणसं, त्यामुळं बापू पहिल्यांदा माझ्याकडं आला. वर मोठ्या अक्षरांत भ्रष्टाचाराविरुद्ध काहीतरी जळजळीत, आणि खाली बसणाऱ्यांचे फोटो गोलांत. मधला मोठा गोल सिस्टरांचा. बापू बसला तर दूध घालणारे तेवढे येतील, सिस्टर बसल्या तर गाव येईल, हे बापूला चांगलं माहीत होतं.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. सिस्टर म्हणाल्या, "बसते की. पण पौर्णिमा होऊ दे."

"मुहूर्त बघता व्हय सिस्टर?" कुणीतरी हसलं.

"मुहूर्त न्हाई. आधी माझं मला बघू दे. आन् तुमीबी आपापलं बघा. ज्याच्या घरात मोटर हाय त्यानं मांडवात बसायचं न्हाई. आधी मोटर काढा, मग ठेकेदाराला चोर म्हना."

पारावरचे दोघंतिघं चपला शोधायला लागले. बापूनं डोक्याला हात लावला. "अवो सिस्टर, मोटरी काढल्या म्हंजे आपणच कबूल केलं की आपली चूक हाय. ठेकेदार नाचंल नुसता!"

"नाचू दे. चूक हाय का न्हाई?"

"हाय, पण…"

"मग पण कशाला घालतो मधी?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर निघाल्या. तीच जुनी नोकरीतली खांद्याची पिशवी, हातात खडू. मोटर नाही किंवा काढली, त्या दारावर पी. आहे आणि काढत नाही, त्या दारावर फुली. मी दुकान बायकोवर सोपवून मागं मागं गेलो, मजा बघायला. पहिल्या गल्लीत लोकांनी आढेवेढे घेतले, दोघातिघांनी मुकाट्यानं काढली. आणि मग चौकात विमलकाकू भेटली. तिची सगळी बाळंतपणं सिस्टरांनी केलेली. तिनं दार अडवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "सिस्टर, तुमी आमाला आईच्या जागी. पण आधी तुमच्या मोरीत बघा, आन् मग आमच्या दारात खडू घेऊन या."

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या मोरीत काय हाय? वॉशिंग मशीन हाय."

विमलकाकूनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. कारण ते सगळ्या गावाला माहीत होतं, एकट्या सिस्टरांना सोडून.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील. एसटी स्टँडजवळ त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरी भरून द्यायचा, नव्या बसवून द्यायचा. पाण्याच्या दिवशी घरात घूं घूं वाजायचं तेव्हा सून रेश्मा सासूला सांगायची की कपडे मशीनला लावलेत. कपाळाला हात लावून ताप ओळखणारी बाई, पण स्वतःच्या घरातल्या माणसांवर शंका घ्यायचं तिला कधी सुचलंच नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

सिस्टर तडक घरी आल्या, मागं मी. मोरीतली धुण्याची फरशी त्यांनी स्वतः सरकवली. खाली मोटर होती, निळ्या रंगाची, स्वच्छ पुसलेली. रेश्मा भिंतीला टेकून रडायला लागली. सुनीलला बोलावणं गेलं. ओट्यावर मायलेकरं समोरासमोर उभी राहिली आणि मी निघून जावं की थांबावं या घोळात तिथंच राहिलो.

"आई, एकट्या आपल्याच घरात न्हाई," सुनील म्हणाला. "गावातल्या निम्म्या मोटरी मीच बसवल्यात. कुनीतरी बसवल्याच असत्या. मी न्हाई तर जामखेडचा कुनी आला असता."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू लावू दिली असतीस? रेश्मा पोटुशी हुती, आई. दोन दोन कळश्या घेऊन हापशावरनं यायची. तूच सगळ्या गावाला सांगती ना, पोटुशीनं जड उचलायचं न्हाई? मग मी काय करायचं हुतं?"

खरं सांगतो, मला वाटलं, जिंकलं पोरगं. सिस्टरांनी सुनीलच्या हातांकडं बघितलं. मग हळू म्हणाल्या, "टेकावरच्याबी पोटुशा असत्यात रं, सुनील."

सुनील मान फिरवून उभा राहिला. "काढू मग आता? म्हंजे सगळं गाव म्हनंल, सुन्यानंच गाव नागवलं. उद्या कोन येनार हाय माझ्या दुकानात?"

"मी काढ म्हनत न्हाई. ज्यानं लावली त्याला वाटंल तवा तो काढील. तवर मी मांडवात बसनार न्हाई." त्यांनी खडू काढला आणि स्वतःच्या दारावर, चौकटीच्या वर, ठसठशीत फुली मारली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "संजय, त्या फ्लेक्सवरला माझा फोटो थांबव."

दोन्ही बाजूंनी अवघड झालं होतं बघा. उपोषणाला बसावं तर घरात चोरीचं पाणी. घर स्वच्छ करावं तर पोटच्या पोराचा धंदा बसतो, सून-नात त्यावरच जगतात. मी असतो तर मोटर गुपचूप काढून पोत्यात घातली असती आणि मांडवात जाऊन बसलो असतो. कुणाला कळणार होतं?

पौर्णिमा आली. सिस्टर पांढऱ्या साडीत विहारात बसल्या. संध्याकाळच्या वंदनेला पहिलं शील झालं आणि त्या थांबल्या. थांबायच्या तशाच. पण पुढं दुसऱ्या शीलाऐवजी एकदम तिसरं सुरू केलं. बायका गोंधळल्या. एकीनं आठवण केली, "सिस्टर, दुसरं राह्यलं."

"राह्यलं न्हाई. मी सोडलं. तुमी म्हना. माझ्या दारावर फुली असताना, न दिलेलं घेत न्हाई असं मी म्हटलं, तर चौथं मोडंल माझं."

मी समोर दुकानात बसून ऐकत होतो. आमच्यात किती जण आरतीला टाळ्या वाजवताना असला हिशेब करत असतील? मी तर कधी केला नाही. त्या संध्याकाळी मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि ती आपल्याला लगेच नखं दाखव म्हणेल म्हणून मी गेलो नाही.

त्यांनी स्वतः घरातल्या नळाचं पाणी घेणं बंद केलं. सकाळी उठून, त्या वयात, कळशी घेऊन हापशावर जायच्या. कुणी कळशी घ्यायला धावलं की म्हणायच्या, "तुज्या घरचं बघ." सुनीलनं आईशी बोलणं टाकलं. आई काही रुसली नाही, जेवायला वाढायची, नातीला खेळवायची, मोटरीचं नावही काढायची नाही. पण दारावरची फुली रोज त्याच्या डोक्यावर असायची, जाता येता.

इकडं उपोषणाची तारीख जवळ आली आणि बापू वेडापिसा झाला. माझ्या देखत त्यानं सिस्टरांच्या पायाला हात लावला. "सिस्टर, तुमी न्हाई आला तर मांडवात मी आन् माझी कुत्री. येवढं पाप का देताय मला?"

"मी आले आन् साहेबानं विचारलं, तुमच्या घरात हाय का मोटर? तर काय सांगू?"

"न्हाई म्हना!"

सिस्टरांनी त्याचे हात पायावरनं बाजूला केले. बापू उठला आणि माझ्याकडं येऊन म्हणाला, "छाप. गोल मोकळा ठेव." तसा तो फ्लेक्स छापला मी. सगळ्यांचे हसरे चेहरे आणि मधोमध मोठा पांढरा गोल.

सुनील कशानं पाघळला ते मला नक्की माहीत नाही. सासूच्या बरोबरीनं रेश्माही कळशी घेऊन हापशावर जायला लागली होती, ते त्याला लागलं असावं. उपोषणाच्या आदल्या दिवशी पाणी सुटायचं होतं. सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय, तर सुनील पान्ह्यांची पिशवी घेऊन घरातून बाहेर आला. दुसऱ्या हातात ती निळी मोटर. सिस्टर ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"आई, धंदा बसंल माझा."

सिस्टरांनी सूप बाजूला ठेवलं. "बसंल. दुखनार हाय, सुनील. खोटं कशाला सांगू?"

सुनीलचे डोळे भरून आले आणि त्याला हसूही आलं. लहानपणी सगळ्या गावाला जे ऐकावं लागलं ते त्याला घरातच ऐकावं लागलं असणार. सिस्टरांनी कमरेचा खडू काढून त्याच्या हातात दिला. त्यानं मोटर खाली ठेवली, बाहीनं फुली पुसली आणि पी लिहिला, जरासा वाकडा. मग तो गल्लीत शिरला. कुणी कुठं मोटर लपवलीय हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक? "काकू, जळणाखालची काढतो." "तात्या, गव्हाणीमागची." ज्यानं बसवली तोच काढायला आल्यावर लोक नाही तरी कसं म्हणणार? काहींनी दार लावून घेतलं, त्यांच्या दारावर फुली राहिली. पण विमलकाकूनं स्वतः फरशी उचलली आणि वर सुनीलला चहा पाजला.

पाणी सुटलं तेव्हा सगळं गाव टेकावर, हौसाआत्याच्या दारात. शेळी सोडली. म्हातारीनं नळाला हळदकुंकू वाहिलं. तोटी सोडली. काही नाही. थांबलो. खाली चौकात नळ कधी नव्हे एवढे धो धो वाहतायत असे फोन येत होते, आणि इथं थेंब नाही. सिस्टर गुडघ्यावर बसल्या आणि तोटीला कान लावला, बाईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायच्या तशा.

"आत कायबी न्हाई," त्या उठल्या. "वारासुद्धा न्हाई. कुदळ आना."

कुदळ आणली. बापूनंच घाव घातले. हातभर खाली गेलो असू नसू, तर नळाचा पाईप संपला. खाली बूच लावलेलं, चांगलं घट्ट. पुढं माती. शेजारचा नळ उकरला, तिथंही तेच. टेकाच्या अख्ख्या आळीत जमिनीत नळ खोचून ठेवले होते. खाली लाईनच नव्हती.

हौसाआत्यानं ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या, त्या इथं लिहिता येत नाहीत. इतके दिवस खालच्या लोकांना वाटत होतं टेकाचं पाणी आपणच पितोय, आणि म्हणून कुणी टेकाकडं वर मान करून बघतच नव्हतं. मोटरवाले गप्प, म्हणून ठेकेदार सुखी. साधी एक कुदळ मारायची होती, पण ज्याच्या त्याच्या मोरीत चोरी असल्यावर कुदळ उचलणार कोण? मला त्या दिवशी स्वतःच्या गावाचा राग आला आणि अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मांडवात बसल्या, त्या रिकाम्या गोलाच्या खाली. गाव लोटलं. साहेब बाहेर आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आजी, तुमच्याच गावातले लोक मोटरी लावतात, त्याला आम्ही काय करणार?"

"व्हय साहेब, लावल्या हुत्या," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याबी घरात हुती. माझ्या लेकानं लावली, त्यानंच काढली. र्‍हायल्या असतील त्या दारावर फुल्या हायत, तुमी या आन् काढा. पन आता हे बघा, टेकावरच्या नळाखालचं." आणि त्यांनी ते बूच साहेबांच्या तळहातावर ठेवलं. ठेवताना साहेबांची नखं बघितली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. साहेबांनी बूच उलटंसुलटं करून बघितलं.

चौकशी लागली, काम पुन्हा झालं, रखडत झालं, पण झालं. ठेकेदाराला काळ्या यादीत टाकलं म्हणतात. कुणी म्हणतं, आता मेहुण्याच्या नावानं दुसरीकडं कामं घेतो. मला माहीत नाही. टेकावर पाणी येतं एवढं माहीत आहे. हौसाआत्याच्या शेळीला आता वेगळा खुटा आहे.

त्यानंतर सिस्टरांनी एक नवंच काढलं. दर पौर्णिमेला सकाळी स्वतःच्या दारावर फुली मारायच्या आणि संध्याकाळी वंदना झाली की पुसायच्या. कधी कधी पुसायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच असायची. का ते आम्ही विचारायचो नाही. दुसऱ्या कुणाला त्या पुसू द्यायच्या नाहीत, नातीलासुद्धा. "ज्याचं त्यानं बघायचं," एवढंच.

सुनीलचा धंदा बसला. बसणारच होता. शेतीच्या मोटरींवर त्यानं थोडे दिवस रेटलं, मग नगरजवळ भिंगारला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. रेश्मालाही तिकडं काम करायचं होतं, मग नातीला कोण बघणार? सिस्टर म्हणाल्या, "त्याचा धंदा मीच बसवला. आता त्याची लेक तरी सांभाळते." ज्या गावात त्यांच्या हातातली कळशी घ्यायला माणसं धावायची, ते गाव सोडून त्या निघाल्या.

टेम्पो आला ती नेमकी पौर्णिमा होती. सामान चढलं. पांढऱ्या साडीतल्या सिस्टर ओट्यावर उभ्या, दाराला कुलूप, आणि कुलपाच्या वर सकाळीच मारलेली फुली. गाव जमलं होतं. सगळे एकमेकांना टेम्पोची दोरी नीट बांधायला सांगत होते.

तेवढ्यात टेकावरनं हौसाआत्या आली, हातात तांब्या. तिच्या नळाचं पाणी. दारासमोर आली, पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि फुली पुसायला लागली.

"आत्या, ऱ्हाऊ दे," सिस्टर म्हणाल्या. "आजून दिवस जायचाय माझा."

"तुजा दिवस तुज्यापाशी ठेव," म्हातारी पुसत पुसतच म्हणाली. "तू आमच्या समद्यांची दारं बघितलीस. तुजं मी बघितलं. झालं." तिला पी लिहिता येत नव्हतं. तिनं दार नुसतं लख्ख पुसलं आणि तांब्यातलं राहिलेलं पाणी सिस्टरांच्या ओंजळीत घातलं.

सिस्टर ते पाणी प्यायल्या. तोंडावरनं ओला हात फिरवला. ओठ घट्ट दाबून त्या टेम्पोकडं वळल्या.

हौसाआत्यानं त्यांचा दंड धरला, बरोबर सुई टोचायच्या जागी. "दुखतंय ना? खोटं कशाला बोलू, आमालाबी दुखतंय. रड की गं मोठ्यानं."

आणि सिस्टर टेम्पोची फळी धरून, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं रडल्या.